पिवळ्या दोऱ्याची परवानगी

"मशीन फुकटची, मंग शिलाई कायची?"

हा प्रश्न मला आयुष्यभर लोक विचारत आले. पहिल्यांदा विचारला तो आमच्या शेजारच्या काकूंनी. अमरावतीला आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गात बसून मी त्यांचं पोलकं शिवून दिलं. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, घडी केली, काखोटीला मारलं आणि निघाल्या. मी म्हटलं, "काकू, शिलाई राहिली." तर त्यांनी मलाच कायदा सांगितला. मशीन वर्गाची, कात्री वर्गाची, कागदाचा फर्मा वर्गाच्या भिंतीवरचा. मग पोलकंसुद्धा फुकटच की!

"आन् हात कोनाचे?" मी विचारलं. "हे दोन हातबी वर्गानं देले का मले?"

काकू चिडल्या. मी त्यांच्याहून जास्त चिडले. मी तेव्हा सतरा-अठराची असेन आणि माझी जीभ म्हणजे लवंगी मिरची होती. आई म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, आमच्या पोट्टीच्या रागावरच नाक ठेवलं आहे. शेवटी वर्गाच्या बाई उठल्या. त्यांनी काकूंना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मशीन समद्यायची हाय. मेहनत तिची हाय. मेहनतीचे पैसे द्या." काकूंनी कनवटीचे पैसे काढले, पण नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायच्या.

आमचा हा वर्ग धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या वर्षी सुरू झाला. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि संध्याकाळी आमच्या वस्तीत यायच्या. वस्तीनं वर्गणी काढून जुन्या मशिनी विकत घेतल्या, सभेच्या खोलीत मांडल्या, आणि बाईंनी भिंतीवर खिळे ठोकले. त्या खिळ्यांवर फर्मे लटकायचे. फर्मा म्हणजे खाकी कागदावर मापानं कापलेला नमुना. पाठीचा, पुढच्या भागाचा, बाहीचा, असे सगळे कागद एका सुतळीत ओवलेले. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ ओढायची, कापायचं. ज्याच्याकडे चांगला फर्मा, त्याचा कपडा अंगाला बसतो. बाजारातले शिंपी आपला फर्मा कुणाला दाखवत नसत. पेटीत कुलूप लावून ठेवत.

बाईंचा नियम उलटा होता. मशीन कुणीही चालवावी. फर्मा कुणीही उतरवून घ्यावा. त्यावर कपडा शिवावा, विकावा, पोट भरावं, त्याचा पैसा शिवणारीचा. पण त्या फर्म्यात कुणी काही सुधारलं, तर सुधारलेला फर्मा परत खिळ्यावर आला पाहिजे. आणि ज्यांनी ज्यांनी तो घडवला त्यांचे दोरे काढायचे नाहीत.

दोऱ्यांची गोष्ट आमच्या वर्गाचीच. लिहिता येणाऱ्या बाया थोड्या, म्हणून बाईंनी सहीऐवजी दोरा काढला होता. प्रत्येकीचा एक रंग. जिनं फर्मा सुधारला तिनं कागदाच्या कोपऱ्यात आपल्या रंगाचे दोन टाके घालायचे. दुसरीनं तो उतरवून घेतला तर तिनं आधीचे सगळे रंगही उतरवून घ्यायचे. बाईंचा दोरा लाल. समोरच्या भिंतीवर काही बिनदोऱ्याचेही फर्मे होते. उशीचा अभ्रा, पिशवी, झबलं. त्यांचं कुणी काहीही करावं, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. उशीच्या अभ्र्यावर कोण हक्क सांगतो?

पोलक्याच्या फर्म्यावर मात्र लालच्या शेजारी एक पिवळा दोरा होता. तो अंजनगाव सुर्जीच्या एका ताईचा. त्या माळ्याच्या घरातल्या. नवरा अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात होता म्हणून त्या काही महिने बहिणीकडे येऊन राहिल्या आणि वेळ घालवायला आमच्या वर्गात येऊ लागल्या. आमच्या वस्तीत, माळ्याची बाई! पहिले काही दिवस पाण्याचा लोटा घरून भरून आणायच्या. बाई काही बोलल्या नाहीत, आणि मी बोलणार होते तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ आवरली. मग एक दिवस त्या लोटा आणायला विसरल्या, आणि पुढं विसरतच राहिल्या. त्यांनीच पोलक्याची पाठ रुंद केली. वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ बाजारातल्या पोलक्यात तटतटते, हे त्यांना ठाऊक होतं. नवरा बरा झाला, त्या गावी गेल्या, आणि त्यांचा पिवळा दोरा आमच्या भिंतीवर राहिला.

आता माझ्या हिरव्या दोऱ्याची गोष्ट.

ताई गेल्या त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत मी बायांच्या मागं चालत होते. पुढून घोषणा यायची, आणि पुरुष हात पार आकाशाला लावायचे. बायांचे हात मात्र खांद्याएवढे वर जायचे आणि तिथंच थांबायचे. दुसऱ्या हातानं पदर काखेवर धरलेला. मला आधी रागच आला. इतकं सगळं झालं, आपण नवे झालो, आणि अजून यांचा हात वर जात नाही? घरी आल्यावर मी आईवर तोंड सोडलं. आई म्हणाली, "माह्यं पोलकं काखेत फाटलं हाय. साऱ्यायचंच फाटते. हात वर केला त टर्रकन आवाज येते. तू सांग आता, घोषणा देऊ का लाज राखू?"

मी तिचं पोलकं हातात घेऊन काख पाहिली. 

बाबांच्या जुन्या कुडत्याला काखेत चौकोनी तुकडा होता. त्याला चौबगला म्हणतात. त्या तुकड्यामुळं पुरुषांचा हात मोकळा फिरतो. मग बायांच्या पोलक्याला तो का नाही? मी लावून पाहिला. काखेत गाठोडं झालं. आईनं घातलं आणि म्हणाली, "हे काय, काखेत लिंबू ठेवलं का?" तुकडा लहान केला, तर हात पुन्हा अडकला. बाहीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, खाली घेतला, तर पोलकंच वर चढायला लागलं. बाईंकडून मी चिंध्या मागून मागून आणल्या. शेवटी एकदा कापड उरेब धरून, म्हणजे तिरकं धरून कापलं. तिरकं कापलेलं कापड ताणलं की देतं. तो तुकडा काखेत असा बसला की दिसेचना. आईनं फळीवरचा डबा काढायला हात वर केला, डबा खाली आणला, परत वर ठेवला, परत काढला. मला कळेना ती काय करते आहे. ती हात वर करून पाहत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली.

मी नवा फर्मा कापला. कोपऱ्यात लाल टाके, पिवळे टाके, आणि शेजारी माझे हिरवे. खिळ्यावर लावायचा एवढंच राहिलं होतं. पण त्याच आठवड्यात अकोल्याहून मावशीचा निरोप आला: तिथल्या एका कापडवाल्या शेटजींना तयार पोलकी विकायची आहेत, शिवणारी हवी आहे, लगेच ये. मी फर्मा पिशवीत घातला आणि गेले. एक नक्कल बाईंना देऊन जायला हवी होती, पण घाई होती.

का घाई होती तेही सांगते. बाबा जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. कापसाचा हंगाम संपला की काम संपायचं, आणि पावसाळाभर घर माझ्या शिवणावर चालायचं. वर्गात मशिनी थोड्या, बाया फार. माझी पाळी आली की मी बसायची, संपली की उठायची, हातातली शिवण अर्धी राहायची. मला स्वतःची मशीन हवी होती. पायाची. जिच्यावरून मला कुणी उठवणार नाही अशी. दुसरं काही मला त्या वयात नको होतं, खरं सांगते, लग्नसुद्धा नको होतं.

शेटजींचं दुकान अकोल्याच्या बाजारात होतं. त्यांच्याकडे बाळापूरचे एक म्हातारे मास्तर कापणी करायचे. मी माझं पोलकं पुढं ठेवलं. मास्तरांनी बाहीत मूठ घातली, हात वर उचलला, खाली घेतला, काखेतून बोट फिरवलं. "वा बेटी," ते म्हणाले. "चौबगला जनान्यात आणला. हे आपल्याले नाही सुचलं, शेटजी."

शेटजी माणूस वाईट नव्हता. धंद्याचा होता. त्यांनी ओळखलं की हे पोलकं कापूस वेचणाऱ्या बायांत, बाजारच्या बायांत हातोहात जाईल. ते मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं मशीन होती. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पायाची. कापड झाकून ठेवलेली. त्यांनी कापड काढलं. "ही तुझी," ते म्हणाले. "तुझ्या नावावर करून देतो. मावशीच्या घरी ने. काम मी देत राहीन."

मी वेलबुट्टीवरून बोट फिरवलं.

"फक्त हा फर्मा माझा. हे रंगीत दोरे काढून टाक. आणि हा कट कुणाला द्यायचा नाही, शिकवायचा नाही, त्या तुमच्या अमरावतीच्या भिंतीवरसुद्धा लावायचा नाही. नाही तर उद्या तुमचा वर्ग म्हणेल, फर्मा आमचा, तर पोलकीपण लोकांना फुकट वाटा. मग मी काय करू?"

मला हसूच आलं. अमरावतीच्या काकू आणि अकोल्याचे शेटजी, दोघं एकाच शाळेत शिकलेले! "शेटजी, पोलकी तुमचीच," मी म्हटलं. "ज्या भावात इकाल त्या भावात इका. फर्मा तेवढा समद्यायचा."

"सगळ्यांचा म्हणजे समोरच्या दुकानवाल्याचापण?"

"हो, त्याचाबी."

"मग मशीन कशाला देऊ मी?" शेटजी म्हणाले. त्यात राग नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं.

त्यांनी मला मशीनवर बसू दिलं. दोरा न ओवता मी पाय मारला. आवाज इतका नरम होता! आमच्या वर्गातल्या मशिनी बैलगाडीसारख्या करकरायच्या. मी किती वेळ पाय मारत बसले असेन कोण जाणे. मग उठले आणि म्हटलं, "इचारून सांगते."

मावशी माझ्यावर डाफरली. "दोराच त हाय, काढून फेक! मशीन सोडून दोरा धरते का कोनी? लक्ष्मी आली घरी आन् तू तिले इचारून राहिली, चपला काहून घातल्या?" मला तिचं खरं वाटत होतं. नाही कशाला म्हणू? माझा हिरवा दोरा तर मी काढूच शकत होते. राहता राहिला लाल आणि पिवळा.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला गेले आणि बाईंवरच चिडले. म्हटलं, "तुमच्या नेमानं गरिबाची मशीन जाऊन राहिली. श्रीमंताच्या पेटीले कुलूप, आन् आमची भिंत उघडी. कायचा हा न्याय?" जे जे साचलं होतं ते सगळं बोलले. बाई ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातून फर्मा घेतला आणि कात्रीच्या टोकानं आपले लाल टाके स्वतःच उसवले.

"घे," त्या म्हणाल्या. "माह्यं काही म्हणनं नाही. तुले मशीन भेटून राहिली, मी आडवी नाही येनार. पन पिवळा माह्या नाही. तो मले काढता येत नाही आन् तुलेबी नाही. तिले इचारून ये."

"ती अंजनगावात हाय, बाई!"

"मंग गाडी जाते तिथं."

मुर्तिजापूरहून अंजनगावला अरुंद रुळांची लहान गाडी जायची. ती इतकी हळू जायची की माणसं उतरून, बोरं तोडून परत चढत. मी खिडकीत बसून मनात वाक्य घोळवत होते. ताई नाही म्हणाल्या तर काय बोलायचं, रडायचं की भांडायचं. हो म्हणतील असं मला एकदाही वाटलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर नाही म्हटलं असतं.

ताई पानमळ्यात होत्या. अंजनगावचे पानमळे बाहेरून झाकलेले असतात, आत शिरलं की हिरवा गारवा. वेली शेवरीच्या झाडांवर चढत माणसाच्या डोक्यावर गेलेल्या. वरची पानं हात उंच करून खुडावी लागतात. ताई एका हातानं पानं खुडत होत्या आणि दुसऱ्या हातानं पदर काखेवर दाबून धरत होत्या. मला पाहून त्यांनी हाक मारली, "अव, तू कशी काय आली माय इकडं?" आणि हात खाली घेतला.

मी सगळं सांगितलं. शेटजी, मशीन, दोरे. लपवलं काही नाही, कारण मला लपवता येतच नाही; कट कुणाला न देण्याची अट तेवढी सांगायची राहून गेली. ताई हसल्या.

"एवढ्यासाठी आली का? काढ ना माह्या दोरा. मले कायचा अभिमान? माह्या नावाचा दोरा अमरावतीत लटकला का न लटकला, मले काय खायले भेटते?"

मला वाटलं, संपलं! मशीन माझी झाली. मी कात्री काढायला पिशवीत हात घातला.

"पन थो नवा कट दाखव त खरा," ताई म्हणाल्या. "काख फाटत नाही म्हनतेस. माह्यं त हे पाह्य." त्यांनी पदर सरकवला. काखेत शिवण पार उसवलेली होती, वर ठिगळ, ठिगळही फाटलेलं. "पानं खुडता खुडता महिन्यात पोलकं जाते. इथं साऱ्या बायायचं असंच हाय. मी भिंतीवरून उतरोलेल्या फर्म्यावर शिवून देते त्याह्यले, पन काखेचं काही जमत नाही. तुह्या कट मले दे, मी साऱ्या मळ्यातल्या बायायले शिवून देईन."

माझा हात पिशवीत तसाच राहिला. तिचा दोरा काढला की मी तिला हा कट दाखवू शकत नव्हते. शेटजींची अट तीच होती. कुणाला द्यायचा नाही, शिकवायचा नाही. म्हणजे जिनं रुंद केलेल्या पाठीच्या फर्म्यात मी चौबगला बसवला, तिनंच फाटक्या काखेनं पानं खुडायची, आणि मी अकोल्याला सोनेरी वेलबुट्टीच्या मशीनवर बसून तिचंच पोलकं विकायचं. ताईंना हे काहीच माहीत नव्हतं. त्या आपल्या हात पुढं करून उभ्या होत्या.

मला लाज वाटली, आणि मशीनचं इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ही दोन्ही खरी आहेत. लोक सांगताना एकच सांगतात.

"बसा ताई," मी म्हटलं. "पोलकं काढा, दुसरं घाला."

मळ्याच्या तोंडाशी झोपडीत बसून मी सुई-दोऱ्यानं त्यांच्या पोलक्याला चौबगला लावला. कापड उरेब कसं धरायचं ते त्यांना दाखवलं, दोनदा त्यांच्याकडून करवून घेतलं. त्यांच्या सासूबाई दारात बसून आमच्याकडे बघत होत्या. मी कुठली, कोणाची, हे त्यांना कळलं होतं. ताईंनी आतून लोटा आणला, आधी स्वतः पाणी प्याल्या आणि तोच लोटा माझ्या हातात दिला. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण उठून गेल्या नाहीत. ताईंना खाकी कागद मिळाला नाही, तेव्हा त्यांनी पानाच्या करंड्यांत घालायच्या जाड कागदावरच फर्मा उतरवून घेतला. वर पिवळा दोरा, हिरवा दोरा. लाल कुठं गेला म्हणून त्यांनी विचारलं, तर मी तोही लावला. बाईंचे टाके त्यांना न विचारता मी परत घातले, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही.

अकोल्याला जाऊन मी शेटजींना सांगितलं, "फर्मा गेला. अंजनगावात गेला, अमरावतीच्या भिंतीवर जाईल. तुमालेबी पाह्यजे असंल त घ्या. पन एकट्याले नाही."

 शेटजी म्हणाले, "आपल्या हातानं मशीन घालवलीस, पोरी." त्यांनी मशीनवर कापड टाकलं. मास्तर कापडावर खडूची रेघ ओढत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी रस्त्यातून रडत गेले. मावशी काय म्हणाली ते लिहीत नाही, ती आता नाही आणि नंतर तिनंच मला सगळ्यात जास्त साथ दिली.

बाईंनी ऐकलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. वर्गाकडे एक हाताची जुनी मशीन होती, चाक फिरवायची. ती त्यांनी मला अकोल्याला नेऊ दिली. एका हातानं चाक फिरवायचं, एका हातानं कापड सरकवायचं. "फुकटची हाय," बाई म्हणाल्या, "म्हनून तुह्या वट्यावरबी खिळे ठोकजो." मावशीच्या ओट्यावरच्या भिंतीत मी खिळे ठोकले. वस्तीतल्या बाया आल्या, फर्मे उतरवून घेऊ लागल्या. "मशीन फुकटची, मंग शिलाई कायची?" हेही सुरू झालं. मी भांडत राहिले.

पहिला परका माणूस आला तो म्हणजे बाळापूरचे मास्तर. उन्हात चालत आले होते. म्हणाले, "बेटी, तुझा चौबगला उतरवून घेऊ?" मी म्हटलं, "घ्या ना मास्तर, इचारता काहून?" त्यांनी घेतला. आणि मग पिशवीतून स्वतःचा कागद काढला. त्यांनी चौबगला बाहीच्या कापडातूनच अशा रीतीनं काढला होता की वेगळं कापड लागतच नव्हतं. त्यांना नियम माहीत होता. त्यांनी कोपऱ्यात निळे टाके घातलेले होते. "शेटजींना सांगितलं," ते म्हणाले, "फर्मा आता बाजारभर होईल. आपल्याजवळ काय राहील? चांगली शिवण. मग चांगली शिवणारी हातची का सोडता?"

त्यानंतर शेटजींची कापडं माझ्या ओट्यावर येऊ लागली. ते स्वतः कधी आले नाहीत, पण काम बंद झालं नाही. समोरच्या दुकानवाल्यानंही काम पाठवलं. आमचं पोलकं बार्शीटाकळीच्या बाजारात दिसू लागलं, कुणाकुणाच्या शिवणीचं, मला ओळखूही येईना. पायाची मशीन मला मिळाली, पण ती आणखी काही वर्षांनी, माझ्या शिवणीच्या पैशातून. काळीभोर, सोनेरी वेलबुट्टीची. मी तिच्यावर कुणाला बसू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दुपारी माझी पाठ टेकली की कुणी ना कुणी येऊन बसायचंच. मी ओरडायची. मग ओरडणंही सोडलं.

त्या पायाच्या मशीनच्या पहिल्याच हिवाळ्यात अंजनगावच्या ताई आल्या. नवऱ्याबरोबर पानाच्या करंड्या घेऊन अकोल्याला आल्या होत्या. त्यांनी एक नवा फर्मा आणला होता, पानं खुडताना कमरेला बांधायच्या झोळीचा. मळ्यातल्या बायांनी मिळून केलेला. कोपऱ्यात पिवळ्याशेजारी दोन-तीन रंग होते, मला अनोळखी.

खालचे सगळे खिळे भरलेले होते. वरचा एक रिकामा होता, छपराजवळ. मी म्हटलं, "द्या, मी स्टुलावर चढून लावते."

"ऱ्हाऊ दे व," ताई म्हणाल्या आणि टाचा उचलून हात वर केला. पार वर, कोपर सरळ होईपर्यंत. दुसरा हात पदराकडे गेला नाही. तो मोकळा लोंबत होता. फर्मा खिळ्यावर बसेना, तेव्हा त्या हात तसाच वर ठेवून सुतळी चाचपत राहिल्या, आणि मी मशीनवर बसून त्यांच्या काखेकडं बघत राहिले. शिवण जागची हलली नाही.

"काय पाहून राहिली अशी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "लावा तुमी सावकाश."